बोटभर माया

३ फेब्रुवारी

आई,

शाळेत पत्राच्या वर 'तीर्थरूप' लिहायला शिकवलं होतं, पण ते वाचून तू हसत सुटशील, म्हणून नुसतं आई.

फोनवर तू 'जेवलीस का, कुलूप नीट लावतेस ना, गॅस बघितलास का' याच्या पुढे मला जाऊच देत नाहीस. मी जरा वेगळं काही बोलायला तोंड उघडलं की मावशी तुला हाक मारते. निदान मारली असं तू म्हणतेस. म्हणून हे पत्र. पाकीट आणायला पोस्टात गेले तर खिडकीतला माणूस म्हणाला, "हल्ली कोण पत्र लिहितं?" मी म्हटलं, ज्यांचे फोन पटकन संपतात ते.

इथे सगळं ठीक आहे. गणवेश शिवायला टाकलेल्या तिघीजणी येऊन गेल्या. मी सांगितलं, आई बहिणीकडे गेलीय, दोन आठवड्यांत येईल. आज तीन आठवडे झाले. त्यातली ती बुटकी, जी नेहमी माप देताना श्वास रोखून धरते, ती म्हणाली की दुसरीकडे टाकवत नाही, त्या दुसऱ्या बाई बगलेत घट्ट करतात. तिला मी काय सांगू ते कळव.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. 'तत्त्वज्ञानाची तोंडओळख' या विषयात मी वर्गात पहिली आले. मॅडमनी माझा निबंध विभागाच्या फलकावर लावलाय. तुझं नाव यादीत नव्हतं, ते तुला माहीतच आहे.

मावशीनं परवा मला विचारलं, "तुझ्या आईनं कॉलेज का गं सोडलं? म्हणते, या वयात अभ्यास डोक्यात शिरेना." मी हो म्हटलं. तू तसं सांगितलंयस तर मी वेगळं कशाला सांगू?

हे बघ, तू ते फार मनाला लावून घेऊ नकोस. एका घरात राहणाऱ्या दोघींना एकच गोष्ट सुचू शकते. त्यात कुणाचाच दोष नसतो. मॅडमनीसुद्धा फार ताणलं नाही. तुझं नाव रजिस्टरमधून काढलं, बस्स, कुठे बोभाटा केला नाही. आणि खरं सांगायचं तर तुला सकाळी अकराच्या तासाला पोचायची केवढी धावपळ व्हायची! आता निवांत कामं घे. मशीनवर मी चादर घालून ठेवलीय.

कधी येतेस?

९ फेब्रुवारी

आई,

पहिलं पत्र पोचलं असं मावशी म्हणाली. तू वाचून घडी घातलीस आणि पिशवीत ठेवलंस, म्हणाली.

ते पत्र टाकल्यावर मला माझीच किळस आली. 'निवांत कामं घे' म्हणे! किती शहाणी मी. तू काही लिहिणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तेव्हा मीच जरा खरं बोलायचा प्रयत्न करते. एकदम सगळं जमणार नाही. मी भित्री आहे, आणि वर तोंडाळ आहे, हे दोन्ही एकत्र असलं की माणूस फार थापा मारतो.

तो फॉर्म मी चेष्टेत आणला होता. या एका विषयाला बाहेरच्यांनाही बसता येतं, वयाची अट नाही, असं वाचलं आणि तुझ्यासमोर टाकला. म्हटलं, "घे, सारखी म्हणतेस ना, शिकायचं राहिलं." मला वाटलं तू हसून त्यावर बटणं ठेवशील. तू दुसऱ्या दिवशी तुझ्या माहेरच्या नावाचं शाळेचं सर्टिफिकेट शोधून काढलंस, भरलेला फॉर्म माझ्या हातात दिलास आणि विचारलंस, "इथे 'उद्देश' म्हणजे काय लिहू?" मला त्या वेळी तुझा राग आला होता. का आला होता ते मला तेव्हा कळलं नाही.

मग मी तुला ते सांगितलं. आठवतंय ना, बसथांब्यावर? "वर्गात सांगू नकोस हं, तू माझी आई आहेस ते. मुलं उगाच चिडवतात." तू म्हणालीस, "नाही सांगत. आडनावं वेगळीच आहेत की." इतक्या सहज म्हणालीस की मला वाटलं, तुला काही वाटलं नसेल. आणि तू खरंच दारातून वेगळी आत यायचीस, मागच्या बाकावर बसायचीस. एकदा तर माझी छत्री बाकावर राहिली, तर ती तू चपराश्याकडे दिलीस, 'कुणाची तरी राहिलीय' म्हणून.

एकदा तू घाईत गळ्यातली टेप तशीच ठेवून वर्गात आलीस. त्या दिवसापासून तुझं नाव टेपबाई पडलं. ते पुढच्या बाकावरच्या मुलीनं पाडलं, मी नाही. पण मी हसले. नुसती हसले नाही, पुढे 'टेपबाई आल्या, आता मापात बोला' हे मी म्हणाले होते. खूप हशा पिकला. तुझ्या कानावर गेलं की नाही मला माहीत नाही. गेलं असणार. तुझे कान सुईत दोरा ओवताना बाहेरच्या जिन्यावरची पावलं ओळखतात.

आणि मग तो होडीचा तास. मॅडमनी विचारलं, होडीची एकेक फळी करत सगळ्या फळ्या बदलल्या, तर होडी तीच राहिली का? मी आदल्या दिवशी लायब्ररीत बसून तीन पानं टिपणं काढली होती. हात वर करणार तेवढ्यात मागून तुझा आवाज. "मॅडम, आमच्याकडे एक सदरा येतो. आधी कॉलर उलटवून दिली. मग बाह्या बदलल्या. मग पाठ विरली, तीही बदलली. गिऱ्हाईक दर वेळी 'माझा जुना सदरा झाला का' म्हणूनच विचारतं." सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "हसू नका. ओळख वस्तूत असते की ती वापरणाऱ्याच्या बोलण्यात, हा प्रश्न यांनी विचारलाय." फळ्यावर 'सदरा' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. माझा हात अर्धा वर होता तो मी केसांतून फिरवला.

मी जळाले, आई. स्वतःच्या आईवर जळाले. बाहेर कुणाला सांगायची सोय नाही आणि घरी तुलाच भाजी चिरायला मदत करायची. तुला आठवत असेल, त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही आणि डोकं दुखतंय म्हटलं. तू बाम आणून दिलास.

निबंधाचं पुढच्या पत्रात लिहिते. आज हात आखडला.

१६ फेब्रुवारी

आई,

सांगूनच टाकते. निबंध तुझा होता.

'एका घरात दोघींना एकच सुचू शकतं' हे मी लिहिलं तेव्हा तू ते वाचताना कशी दिसत असशील, याचा मी विचारही केला नव्हता. आता सारखा तोच येतो.

विषय होता 'माया: स्वतःच्या अनुभवातून'. मॅडमनी शिकवलं होतं की माया म्हणजे जे दिसतं पण खरं नसतं. पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते तसं. मी चार दिवस कोरा कागद घेऊन बसले. पुस्तकातलं हवं तेवढं लिहिता येत होतं, पण अनुभव कुठून आणू? तू मात्र दुपारी गिऱ्हाईक नसताना मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून मोकळी झालीस. आणि ती वही माझ्याकडे दिलीस. "जरा ऱ्हस्व-दीर्घ बघून दे गं. तुझ्या मॅडम शुद्धलेखनाला कडक असतील."

पहिलंच वाक्य होतं: 'मॅडम म्हणतात माया म्हणजे दिसते पण नसते, आमच्या शिवणात माया म्हणजे असते पण दिसत नाही.'

मी ते वाक्य तीनदा वाचलं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या, त्या मी लाल पेनानं दुरुस्त केल्या. मग पुढे वाचलं. शिवणीच्या आत बोटभर कापड जास्त सोडतात त्याला माया म्हणतात, पोरं वाढतात, शिवण उसवून ती माया बाहेर सोडली की तोच गणवेश पुन्हा अंगाला येतो, हे सगळं. आयुष्यभर मी हा शब्द घरात ऐकत आले. 'माया ठेवली का?' 'माया कमी पडली.' मॅडम महिनाभर फळ्यावर माया माया लिहीत होत्या आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की हा आपल्याच घरातला शब्द आहे. तुला आलं.

वही मी दोन दिवस ठेवून घेतली. तू विचारलंस तर म्हटलं, बघतेय. त्या दोन दिवसांत मी माझा निबंध लिहिला, सुबक अक्षरात, परिच्छेद पाडून, आणि मुदतीच्या आधीच देऊन टाकला. मग तुझी वही तुला परत दिली. म्हटलं, "छान आहे, उतरवून काढ आणि दे." हे मी का केलं? तुझा निबंध अडवून ठेवता आला असता. पण तुला कळेल अशी भीती होती, आणि त्याहून जास्त वाटलं की मॅडम बाहेरच्यांचे निबंध नीट वाचत नसतील. म्हणजे तुझा कुणी वाचणार नाही यावर मी विसंबले होते.

मंगळवारी मॅडमनी माझा निबंध वर्गात वाचला. मी मागे वळून पाहिलं नाही. पाठीला डोळे फुटल्यासारखं झालं होतं. माझं शेवटचं वाक्य मॅडमनी दोनदा वाचलं: 'शिवून झाल्यावर शिंपी माया कापून टाकतो, तसंच ज्ञान झाल्यावर माणसाची माया गळून पडते.' पुढच्या बाकावरून कुणीतरी 'वा' म्हणालं. ते वाक्य तेवढं माझं होतं.

तास सुटल्यावर तू जाऊन गठ्ठ्यातून स्वतःचा निबंध काढून घेऊ शकली असतीस. मी तीच आशा धरून होते. तू काढला नाहीस. का नाही काढलास? मला हे खरंच विचारायचंय.

गुरुवारी मॅडमच्या खोलीत काय झालं ते तुला सांगायला नको, पण मी लिहिणार आहे, कारण मी ते अजून कुणाला शब्दांत सांगितलेलं नाही. दोन खुर्च्या होत्या. एकीवर मॅडम, दुसरीवर मी बसले. तू उभी. मॅडमनी तुला विचारलं, "ताई, हे तुम्ही कुठून घेतलंत?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी टेबलाच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत होते. सोमवार, दहा ते अकरा, तर्कशास्त्र. मॅडम म्हणाल्या, "नियमित विद्यार्थिनीनं नक्कल केली असती तर तिचं वर्ष गेलं असतं. तुम्ही बाहेरच्या आहात, म्हणून फक्त नाव काढावं लागेल. पण तीन वर्षं कुठल्याच वर्गात प्रवेश मिळणार नाही." तेवढं ऐकलंस आणि लगेच म्हणालीस, "मीच हिच्या वहीतून उतरवलं."

"तुम्ही हिला ओळखता?"

"हिच्या घरी माझं जाणंयेणं असतं. शिवायला."

आई! माझ्या घरी! शिवायला!

तू जूनमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला बसणार होतीस. या विषयाचं प्रमाणपत्र लावून प्रवेश मिळतो का ते तू ऑफिसात तीनदा विचारून आली होतीस, त्या कारकुनाची बोलणी खाऊन. ते सगळं तू एका वाक्यात टाकून दिलंस आणि मी तर्कशास्त्राचा तास वाचत बसले.

जिन्यावर आपण दोघीच होतो. मला वाटलं, आता तू बोलशील, निदान एक ठेवून देशील. तू रेलिंगला धरून दोन पायऱ्या उतरलीस आणि म्हणालीस, "माया कापत नाहीत गं. शिवणारणीच्या घरात वाढलीस आणि असं कसं लिहिलंस?"

एवढंच. दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेलीस.

माझ्या हातून काय झालंय ते आता लिहून झालं. उद्या मॅडमकडे जाते.

२१ फेब्रुवारी

आई,

मी गेले होते. सगळं सांगितलं. तू माझी आई आहेस इथपासून.

मॅडमनी विश्वास ठेवला नाही.

ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि काय म्हणाल्या माहितीये? "आईनं मुलीची नक्कल केली, आता मुलगी आईसाठी आळ अंगावर घेतेय. समजू शकते मी. पण खोटं बोलून आईवरचं प्रेम सिद्ध करायची गरज नाही." प्रेम! मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर खरं बोलले आणि त्याचं कौतुक झालं, ते खोटं म्हणून. मी रडायला लागले तर त्यांना वाटलं, बिचारी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाल्या, "त्यांचा सही केलेला जबाब माझ्याकडे आहे. तुझ्याकडे काय आहे?"

पुरावा म्हणून तुझी मापाची वही होती ना! लाल पेनानं मी केलेल्या दुरुस्त्यांसकट. म्हणून काल फोन केला. पहिल्यांदाच तू गॅसचं विचारायच्या आत मी बोलले, की वही पाठव. तू म्हणालीस, "ती पानं मी फाडून टाकली. झालं गेलं. तू शीक." आणि मावशीची हाक आली.

फाडून टाकली! तुला कुणी सांगितलं होतं फाडायला? इतकी वर्षं त्या वहीतली मेलेल्या गिऱ्हाइकांचीसुद्धा मापं तू जपून ठेवलीस, आणि स्वतःची चार पानं फाडलीस?

मला तुझा राग आलाय आणि तो येण्याचा मला काही हक्क नाही, तरी आलाय. तू मला सांभाळून घेतेस म्हणजे काय करतेस, ते तुला कळतंय का? मी जन्मभर ही पहिली आलेली मुलगी म्हणून फिरायचं. फलकावर रोज तो कागद. येणाजाणारी पोरं थांबून वाचतात आणि मला म्हणतात, "काय सुचलंय गं तुला!" परवा एकानं ते माया कापून टाकायचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. मी त्याच्या हातातून पेन काढून घेणार होते.

हा तुझा मोठेपणा मला नको. मला शिक्षा कर, बोल, शिव्या दे, मावशीला खरं सांग. तू नुसतं 'जेवलीस का' विचारतेस आणि मी 'हो' म्हणते.

आणि 'माया' या शब्दाचा तिसराही एक अर्थ आहे, जो सगळ्यांना येतो. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. मला तोंडच नाही.

मॅडम म्हणाल्या, विद्यापीठाकडे याद्या पाच मार्चला जातात. तुझं नाव काढलेली यादी. एकदा गेली की तीन वर्षं. तेव्हा तू पन्नाशीला पोचशील, आणि मला ठाऊक आहे तू काय म्हणशील: आता कुठे.

२ मार्च

आई,

हे पत्र मी कुरियरनं पाठवतेय. सोबतचा कागद आधी वाच, मग हे.

शनिवारी मी कपाट उपसलं. काय शोधत होते मलाच माहीत नव्हतं. तुझ्या हातचं काहीतरी. तळाशी माझा शाळेचा जुना निळा झगा सापडला, तो तू फडकी करायला कधी देईनास. मी तो घेऊन सरळ मॅडमच्या खोलीत गेले. छोटी कात्रीही नेली. मॅडमना वाटलं असेल, हिचं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "मॅडम, माझ्या आईचा निबंध फाइलमध्ये आहे. तो तुम्ही पूर्ण वाचलात?" त्या म्हणाल्या, "पहिल्या दोनतीन वाक्यांतच ओळखू आलं. पुढे वाचायची गरज वाटली नाही." मी म्हटलं, आता वाचा. त्यांनी फाइल काढली. अक्षर तुझं, ओळी वर चढत गेलेल्या. मॅडम हळूहळू मोठ्यानं वाचायला लागल्या, आणि मी तुझं ते लिखाण पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. 'आत किती माया आहे हे शिवणारणीला ठाऊक असतं, ज्याच्या अंगावर कपडा आहे त्याला नसतं.' आणि शेवटी: 'माया कधी कापायची नाही. कापली तर कपडा त्याच मापाचा राहतो, माणूस राहत नाही.'

मॅडम म्हणाल्या, "पण हे तर तुझ्या बरोबर उलट आहे."

"नक्कल करणारी बाई शेवट उलटा का लिहील?"

"तुम्हा दोघींत बरोबर कोण, ते मला कसं कळणार? मी शिवत नाही."

म्हणून मी झगा उलटा केला आणि त्यांच्या टेबलावर कडेची शिवण उसवली. तुझी शिवण काय सहज उसवते का! घाम फुटला. आत अजून अर्धं बोट कापड होतं, बाहेरच्यापेक्षा गडद निळं, कारण त्याला ऊनच लागलं नाही. आणि त्याला लागून, बाहेरच्या विटलेल्या कापडावर, शिवणींच्या भोकांच्या तीन रांगा. सहावी, सातवी, आठवी. मॅडमनी चष्मा काढून त्या रांगांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "ते कापून टाकायचं वाक्य मी वर्गात दोनदा वाचलं." आणि मग, "त्यांना मी खुर्चीसुद्धा दिली नव्हती."

मॅडम म्हणाल्या, वर्गात सांगायची गरज नाही, विभागाच्या पातळीवर निपटू. मी म्हटलं, वाचलं वर्गात तर सांगायचंही वर्गातच. सोमवारी तास सुरू व्हायच्या आधी उभी राहिले. आवाज चिरकला, मधेच नाक वाहायला लागलं, काही शोभेचं झालं नाही. सगळं सांगून झाल्यावर पुढच्या बाकावरची ती मुलगी म्हणाली, "टेपबाई तुझी आई? अगं, पण आमच्यात सगळ्यांत जास्त तूच हसायचीस." मी म्हटलं, हो. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. नाही वाटलं. उलट आता सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला रोज अकराला तिथेच बसायचंय.

निर्णय असा झाला: माझा पेपर रद्द. वर्ष गेलं. जूनमध्ये पुन्हा पहिल्या वर्षाला बसायचं. हे वाचून तू कपाळाला हात लावशील, मावशीला म्हणशील, पोरीनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. लाव हात. मी तुझ्यावर उपकार केलेले नाहीत, माझंच मला सोसवेना म्हणून केलं.

तुझं नाव परत घालणार आहेत. तुझा निबंध मॅडमनी तपासलाय; किती गुण ते त्या तुलाच सांगणार, मला सांगितलं नाही, बरोबरच आहे. पण तू सही केलेला जबाब तुलाच मागे घ्यावा लागतो. सोबतचा कागद तोच आहे. पाच तारखेला दुपारपर्यंत मॅडमसमोर येऊन सही करायची, पोस्टानं चालत नाही. 'निबंध माझा स्वतःचा आहे' एवढं एकच वाक्य आहे त्यात. खोटं काही नाही. माझ्यासाठी येऊ नकोस. तुझा आहे म्हणून ये.

एक गोष्ट राहिली. ती मी मॅडमना सांगितली नाही, वर्गातही सांगितली नाही. ती ऐकल्यावर तुला यावंसं वाटलं नाही तर मी समजेन, पण ती न सांगता तुला बोलावलं तर ते पुन्हा तसलंच होईल.

त्या गुरुवारी 'मीच उतरवलं' असं तू म्हणालीस तेव्हा मला वाईट वाटलं असं तू धरून चालली असशील. नाही वाटलं. माझा जीव भांड्यात पडला. मॅडमनी जबाब लिहून तुझ्यापुढे सरकवला. तू पेनासाठी पिशवीत चाचपत होतीस, ते सापडेना. रिळं निघाली, खडू निघाला, पेन निघेना. मॅडम तो कागद पुन्हा एकदा वाचायला लागल्या, कपाळाला आठी घालून. मला वाटलं, आता यांना शंका येणार, आता विचारणार. अजून एक मिनिट गेलं असतं तर त्यांनी विचारलंच असतं.

मी माझं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तुझ्या हातात दिलं.

तू सही केलीस. पेन परत देताना, मॅडम बघत होत्या म्हणून, अनोळखी बाईसारखं म्हणालीस, "थँक्यू हं, ताई."

आणि मी म्हणाले, "असू दे."